चुकण्याचा तास

खोलीत चेंडू चौदा होते. त्यांतले नऊ खांद्याच्या उंचीवरून सोडले की कमरेच्या वर उसळत, तीन गुडघ्यापर्यंत येऊन दम टाकत, आणि एक जमिनीवर पडला की पडूनच राही. चौदावा बास्केटबॉल नव्हताच. तो फुटबॉल होता, आणि इथे कसा आला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याशिवाय पिवळे शंकू बावीस, पंप दोन, पंपाची सुई एकही नाही, सरावाची लाल बनियनं अठरा, डाव्या पायाचा एक बूट, आणि खिळ्याला टांगलेल्या सहा शिट्ट्या, ज्यांपैकी दोन वाजत होत्या.

"बूट पण लिहू?" टाचणीने विचारलं.

"आहे ना? मग लिही," मॅडम म्हणाल्या.

"पण कोणाचा आहे?"

"ते लिहायला सांगितलंय का मी?"

टाचणीने बूट लिहिला. मॅडम चेंडू एकेक करून खांद्यापासून सोडत होत्या, उसळी बघत होत्या आणि मेलेले चेंडू कोपऱ्यात सरकवत होत्या. या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ही खोली त्यांनी एकदाही मोजली नव्हती. काही हवं असलं की त्या दारातूनच आत हात घालत आणि हाताला लागेल ते बाहेर काढत.

टाचणी नववीत होती. संघातली सगळ्यात बुटकी, पण चेंडू पुढे नेण्याचं काम तिचं. समोरच्या मुलींच्या हाताखालून ती निघून जाई आणि जाता जाता बोचत जाई, म्हणून मॅडमनी तिला टाचणी केलं होतं. संघातली सगळी नावं मॅडमनीच ठेवलेली होती, आणि हजेरीच्या वेळी स्वतःचं खरं नाव ऐकून मुली क्षणभर दचकत. टाचणीचं मॅडमशी आणखी एक नातं होतं. ती त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. जिमच्या दाराच्या आत 'मॅडम' आणि 'तुम्ही', बाहेर 'आत्या' आणि 'तू', हा नियम ती संघात आली त्याच दिवशी ठरला होता. उंबऱ्यावर असताना काय म्हणायचं, हे मात्र ठरलं नव्हतं, म्हणून उंबऱ्यावर त्या दोघी काहीच बोलत नसत.

माणूस वस्तू केव्हा मोजतो? टाचणीने पंप पुसता पुसता विचार केला. एक, काही चोरीला गेलं की. दोन, दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं असलं की. या खोलीतून चोरण्यासारखं काही नव्हतं.

घरी रात्रीच्या जेवणाला तिने तोच प्रश्न टाकला. "आत्या, सामान कोणाच्या ताब्यात द्यायचंय?"

बाबांनी लगेच पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडासमोर धरला. बाबांचं खाली चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ते काचा घासत आणि माणसांना खालची ओळ वाचायला लावत. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचं मात्र कोणालाही, कितीही लांबून वाचता येई. गुपित असलं की ते पाणी पीत.

"दादा, ग्लास रिकामा आहे," आत्या म्हणाली.

"छोटे, तू सांगतेस की मी सांगू?" बाबा म्हणाले. आत्या अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि अख्खी शाळा तिला टरकून असे, पण बाबांसाठी ती छोटीच.

"आता उरलंय काय सांगायचं? सांगितलंसच की."

मग आत्याने सांगितलं. एका कॉलेजला मुलींच्या संघासाठी कोच हवी होती. कॉलेज बसने सात तासांवर होतं. तिथल्या क्रीडा संचालिका येत्या शनिवारचा सामना बघायला येणार होत्या.

"पसंत पडलं तर घेतील," आत्या म्हणाली. "नाही पडलं तर मी आहेच इथे, तुमच्या डोक्यावर बसलेली."

"म्हणजे तू जाणार?"

"गाडी अजून स्टँडवरच आहे," आई म्हणाली. आई लोकांना मोटार शिकवायची, आणि घरातल्या बहुतेक गोष्टी ती त्याच भाषेत बोलायची. "तू आत्तापासून रुमाल हलवू नकोस."

टाचणीच्या कानात मात्र आत्याच्या बोलण्यातला मागचा अर्धाच भाग राहिला. नाही पसंत पडलं तर मी आहेच इथे.

टाचणी आणि आत्या एकाच खोलीत झोपत. दोन पलंग, मध्ये एक टेबल, टेबलावर एक दिवा. दिवा कोणाच्या बाजूला वळवायचा यावर टाचणी सातवीत असल्यापासून भांडण चालू होतं आणि दोघींनाही ते मिटवायची घाई नव्हती. आत्या गेली असती तर अख्खी खोली टाचणीची झाली असती. दिवाही. दुसरं कोणी जाणार असतं तर तिने टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी जिमच्या मागच्या पायऱ्यांवर पाच जणींची बैठक बसली. सगळ्यात वरच्या पायरीवर खांब, म्हणजे कॅप्टन. ती बसली तरी उभ्या माणसाएवढी दिसे. तिच्या शेजारी गोंद, जी एकदा समोरच्या खेळाडूला चिकटली की सामना संपेपर्यंत सुटत नसे. खाली एक्सप्रेस, जी फार वेगात धावे आणि पुष्कळदा चेंडू मागेच विसरे. आणि वकील, जिला नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं आणि जिच्यामुळे दोन पंचांनी या शाळेत यायचं सोडलं होतं.

"म्हणजे त्या बाईंना आपला खेळ आवडला, तर मॅडम गेल्या," खांब म्हणाली.

"आणि नाही आवडला, तर राहिल्या," टाचणी म्हणाली. "म्हणून आपण हरायचं. साधंसुधं नाही. वीस गुणांनी. त्यांना वाटलं पाहिजे, ही बाई एकोणीस वर्षं करत काय होती!"

"निळ्या शाळेकडून? वीस?" एक्सप्रेसला धक्काच बसला. शनिवारी समोर निळ्या शाळेचा संघ होता. बिचाऱ्या मुली चांगल्या होत्या. स्वतःच्या बसचं दार सापडायलाही त्यांना वेळ लागे.

"नियमात बसत नाही," वकील म्हणाली.

"हरणं नियमात बसत नाही?"

"मुद्दाम हरणं. पण सिद्ध करणं अवघड आहे." तिने दप्तर बाजूला ठेवलं. "मी तयार आहे."

"मी एखादीला सोडून दिलं तर चालेल ना?" गोंदने विचारलं.

"चालेल काय, सोडच! आणि बाकीच्यांनी फक्त चुकायचं. त्यात काय आहे? दर गुरुवारी चुकतोच की आपण."

हे खरं होतं. मॅडमच्या सरावात दर गुरुवारी एक तास चुकण्याचा असे. बाहेरच्या कोणी तो बघितला असता तर डोक्याला हात लावला असता. मुली ओळीने येत, रिंगवर चेंडू टाकत आणि तो आत जाणार नाही याची काळजी घेत. मॅडमचं म्हणणं असं, की चांगल्यात चांगली खेळाडूसुद्धा निम्म्या वेळा चुकते, मग ज्या गोष्टीत आपला निम्मा वेळ जातो ती धड यायला नको का? चेंडू आखूड पडला की रिंगखाली उभ्या असलेल्या समोरच्या संघाच्या हातात अलगद जातो. तोच लांब पडला, रिंगच्या मागच्या कडेला लागला, तर उसळून पलीकडच्या बाजूला येतो. तिथे आपली मुलगी आधीच उभी असली की चेंडू पुन्हा आपला. म्हणून त्या बाजूबाजूने ओरडत फिरत, "चुका! पण लांब चुका! पलीकडे चुका!" आणि पलीकडे उभी असलेली खांब येईल तो चेंडू हवेतच धरून रिंगमध्ये ढकलून देई. तीन वर्षं ती हे करत होती. अलीकडे तर ती हे करताना वकीलशी गप्पाही मारे.

शनिवारी जिम भरली होती. संचालिका सगळ्यात वरच्या बाकावर बसल्या. पांढरे आखूड केस, पायात खेळाचे बूट, आणि चेहरा असा की त्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. त्यांच्या एका बाजूला आई-बाबा. बाबांनी येताना पाण्याची मोठी बाटली आणली होती.

पहिला चेंडू टाचणीकडे आला. तिने तो डाव्या बाजूने एक्सप्रेसला दिला आणि डोळ्यांनीच सांगितलं, चूक. एक्सप्रेसने नेम धरला आणि अगदी व्यवस्थित चुकली. चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागला, उसळला, उजवीकडे गेला. तिथे खांब उभी होती. तिने तो हवेतच धरला आणि रिंगमध्ये ढकलला.

दोन–शून्य.

"काय करतेस!" परत धावताना टाचणी दातांतल्या दातांत म्हणाली.

"मी काही केलं नाही," खांब हाताकडे बघत म्हणाली. "झालं."

पुढच्या वेळी वकील चुकली. खांबने मनाशी ठरवून हात पाठीमागे धरले. पण चेंडू तिच्या कपाळाच्या दिशेने आला, तेव्हा हात आपोआप पुढे आले, आणि पुढे आलेल्या हातांना एकच काम माहीत होतं. चार–शून्य.

गोंदचंही तसंच झालं. ती निळ्या शाळेच्या कॅप्टनला सोडायची म्हणून दोन पावलं मागे गेली. कॅप्टन पुढे आली. गोंद आणखी मागे गेली. कॅप्टनला वाटलं, हा काहीतरी नवा डाव आहे. ती घाबरली आणि तिने चेंडू सरळ टाचणीच्या हातात दिला.

"घे!" म्हणून टाचणीने तो परत करायला हवा होता. पण समोर मोकळं मैदान आणि हातात चेंडू. पाय निघालेच. रिंगजवळ पोचल्यावर तिला आपली योजना आठवली, तोपर्यंत चेंडू आत गेला होता.

चार भागांपैकी दुसऱ्या भागापर्यंत मुली चुकून चुकून दमल्या. मॅडम एरवी रेषेच्या कडेला उड्या मारत, शिट्टी दातांत धरून हातवारे करत. त्या दिवशी त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्यांची मान प्रत्येक चुकीबरोबर थोडी थोडी तिरकी होत होती. टाचणीने फलकाकडे बघितलं. पंचवीस–अठरा. आपण पुढे. हे असंच चालत राहिलं तर आत्या पुढच्या आठवड्यात बॅग भरणार.

मध्यंतराला अगदी थोडा वेळ होता. चेंडू टाचणीच्या हातात होता, आणि समोर कोणी नव्हतं. या वेळी तिने पलीकडे बघितलंच नाही. तिने मनगट मुडपलं आणि चेंडू आखूड टाकला. तो रिंगला शिवलाही नाही. खाली उभ्या निळ्या मुलीच्या ओंजळीत पडला. तिने तो पुढे फेकला, पुढचीने टाकला, आत गेला. पंचवीस–वीस. शिट्टी झाली.

कपडे बदलायच्या खोलीत मॅडमनी दार लावून घेतलं आणि एक बादली उलटी करून तिच्यावर बसल्या.

"आपण पाच गुणांनी पुढे आहोत," त्या म्हणाल्या.

सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत होत्या.

"पुढे असलेल्या संघाची तोंडं अशी नसतात. कोणी गेलंय का घरात?"

"नाही मॅडम."

"मग मी सांगते. तुम्ही बावीस वेळा चुकलात. बावीसपैकी एकवीस वेळा चेंडू मागच्या कडेला लागून पलीकडे गेला. खऱ्या सामन्यात तुम्ही इतक्या सुंदर चुकत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत कोणीच इतकं सुंदर चुकलेलं नाही."

वकीलने हात वर केला. "मॅडम, नेमका आरोप काय आहे?"

"तू खाली बस."

"बसलेलीच आहे."

"मग आणखी खाली बस."

एक्सप्रेस फस्सकन हसली आणि मॅडमचा चेहरा बघून गप्प झाली.

"त्या एकवीस चुका मी शिकवलेल्या," मॅडम म्हणाल्या. "बाविसावी कोणाची?"

"माझी," टाचणी म्हणाली.

"आखूड होती ती."

"हो."

"का?"

"आत्या, तू–"

"आपण दाराच्या आत आहोत."

"मॅडम," टाचणी म्हणाली, "तू जाऊ नकोस ना."

खांबने टॉवेल तोंडावर दाबला. हसू दाबलं की दुसरं काही, ते कळलं नाही. मॅडमनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या.

"मला जायचंय का, हे मला विचारलं का कोणी?"

"आम्हाला वाटलं, ते लोक तुम्हाला नेताहेत," गोंद म्हणाली.

"मी काय कपाट आहे का, चौघांनी उचलून न्यायला? अर्ज मी केला. दोनदा केला. पहिल्यांदा केला तेव्हा तुम्ही अजून बुटाची नाडी बांधायला शिकत होता. तेव्हा त्यांनी मला घेतलं नाही." त्यांनी दोरी सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "तुम्हाला खेळ जरा जमायला लागतो, आणि तुम्ही शाळा सोडून जाता. दुसऱ्या येतात, त्यांना परत चेंडू कसा धरायचा तिथपासून. एकोणीस वर्षं मी फक्त सुरुवात शिकवतेय. त्याच्या पुढे काय असतं ते मला बघायचंय. मला ती नोकरी हवी आहे."

टाचणीने मान वर केली. आत्याच्या तोंडून 'हवी आहे' हे शब्द तिने घरात कधी ऐकले नव्हते. आत्या म्हणायची, 'मला चालेल'. शिळं चालेल, लहान टॉवेल चालेल, खिडकीपासून लांबचा पलंग चालेल. दिव्याच्या भांडणातसुद्धा शेवटी तेच.

"पण खोटं हरून मला इथे ठेवायचं असेल, तर मी राहणार नाही. घरीच बसेन, दादाच्या दुकानात काचा पुशीन," मॅडम म्हणाल्या. "आणि माझ्यावर उपकार म्हणून जिंकूही नका. मी वर जाऊन बसते. खांब, कोचचं काम तू बघ. वकील, नियमात बसतं का?"

"बसतं. कोच नसेल तर कॅप्टन. पण मॅडम, त्या बाई तुम्हाला बघायला आल्यात. तुम्ही खाली नसलात तर त्या बघणार काय?"

"तो माझा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या, आणि बादली सुलटी करून निघून गेल्या.

वर काय झालं ते बाबांनी नंतर घरी चार वेळा सांगितलं. आत्या पायऱ्या चढून गेली आणि संचालिकांच्या शेजारी बसली. संचालिकांनी विचारलं, "तुम्ही इथे कशा?" आत्या म्हणाली, "खाली गर्दी होती." संचालिका एवढंच म्हणाल्या, "बरं." मग आत्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली. बाबांनी तिला पाणी दिलं तर ते तिला घेता येईना, कारण हात मोकळे नव्हते.

खाली पाच जणी मैदानाच्या मधोमध डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या.

"मतदान घेऊ," वकील म्हणाली.

"कसलं मतदान! तिची आत्या आहे, तिलाच ठरवू दे," खांब म्हणाली. "टाचणे, बोल लवकर. पंच घड्याळ बघतोय."

"मला नाही ठरवायचं."

"मग कोण ठरवणार? निळ्या?"

पलीकडे निळ्या शाळेच्या मुली कुठल्या बाजूची रिंग आपली यावर वाद घालत होत्या. टाचणीने वर बघितलं. आत्या हातांवर बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, आणि तिची उजवी टाच बाकाखाली थडाथड आपटत होती. ती खाली बघत नव्हती. मुद्दामच छताकडे बघत होती, आपल्या चेहऱ्यावरून कोणी काही वाचू नये म्हणून. पण ती बाबांचीच बहीण होती. इतक्या लांबूनही खालची ओळसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"खेळू या," टाचणी म्हणाली.

"म्हणजे कसं? नीट सांग."

"म्हणजे खेळू या. खरं."

"हुश्श," गोंद म्हणाली. "माझ्याच्याने तिला सोडणं होतच नव्हतं."

त्यानंतरचा खेळ फार सुबक नव्हता. पहिल्या अर्ध्यात चुकून दमलेले हात आता खरंच चुकायला लागले. निळ्या मुलींना आपली रिंग सापडली आणि त्यांनी लागोपाठ तीनदा चेंडू आत टाकला. एका क्षणी त्या एका गुणाने पुढेही गेल्या. तेव्हा खांबने हातांची खूण करून खेळ थांबवला आणि चौघींना गोळा केलं. मग तिच्या लक्षात आलं की पुढे काय बोलायचं ते मॅडम सांगायच्या.

"बोल ना," एक्सप्रेस म्हणाली.

"पाणी प्या," खांब म्हणाली.

सगळ्या पाणी प्यायल्या.

"त्यांची सात नंबरवाली दमलीय," टाचणी म्हणाली. "तिला डावीकडे वळताच येत नाही. सगळं तिच्या डावीकडून न्यायचं. एक्सप्रेस, तू आधी पळ, चेंडू मागाहून येईल. घेऊन जायला विसरू नकोस."

"एकदाच विसरले होते!"

"मॅडम, असंच ना?" वकीलने सवयीने रिकाम्या बाकाकडे वळून विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "असंच."

सात नंबरच्या डावीकडून पहिल्यांदा टाचणी गेली, मग वकील, मग पुन्हा टाचणी. एक्सप्रेस पळाली, चेंडू तिच्यामागून आला, तिला आठवला. वर आत्या कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. दोन्ही हात सुटले होते आणि ती ओरडत होती, "परत! अगं परत या! मागे कोण आहे?" मग तिला आठवलं की आपण गप्प बसायचं ठरवलंय. ती खाली बसली आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले. असं बाबांच्या मोजणीने पाच वेळा झालं, आईच्या मोजणीने सात वेळा.

त्रेचाळीस–छत्तीस. शाळा जिंकली.

संचालिका पायऱ्या उतरून खाली आल्या. बाकावर घामाने निथळत बसलेल्या मुलींसमोर उभ्या राहिल्या.

"पाणी पिऊन झाल्यावर डावीकडून जायचं, हे कोणी ठरवलं?"

चौघींनी टाचणीकडे बोट दाखवलं.

"कोणी शिकवलं?"

टाचणी विचारात पडली. सात नंबरबद्दल तर मॅडम काही बोलल्या नव्हत्या. "कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणजे, बघत राहायला शिकवलंय. दमलेलं माणूस कुठल्या बाजूला वळत नाही ते बघा म्हणून."

"पहिल्या अर्ध्यात काय चाललं होतं?"

"त्याबद्दल आम्हाला काही बोलायचं नाही," वकील म्हणाली.

संचालिका पहिल्यांदाच हसल्या. मग मॅडमकडे वळल्या. "कोच नसताना संघ काय करतो, हे मला बघायचं असतं, पण तसं कोणाला सांगता येत नाही. तुम्ही आपणहूनच वर आलात. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी या. आणि तुमचं ते बनियनं, शंकू वगैरे काही आणू नका, आमच्याकडे आहे."

"पंपाच्या सुया आहेत?" मॅडमनी विचारलं.

"किती हव्यात?"

"आहेत म्हणालात तेवढं पुरे."

आत्या गेली त्या सकाळी आईने तिला आपल्या शिकवण्याच्या गाडीतून बसपर्यंत सोडलं. पुढच्या सीटवर आत्या, मागे टाचणी आणि बाबा, आणि टपावर मोठ्या लाल अक्षरांत 'शिकाऊ'. बाबा तीन दिवस पाणीच पीत होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं, तरीही.

"छोटे, पोचलीस की फोन कर."

"करते."

"आणि नीट जेव. 'चालेल' म्हणू नकोस तिथे. हवं ते माग."

"दादा, मी पन्नाशीला आले."

"म्हणूनच सांगतोय. आता तरी शीक."

टाचणीने आत्याची बॅग उचलून दिली. "दिवा मी माझ्याच बाजूला वळवणार," ती म्हणाली.

"वळव," आत्या म्हणाली. "डोळे बिघडले तर चष्मा घरचाच आहे." मग तिने टाचणीचं डोकं एका हाताने पकडून जोरात हलवलं, आणि बस निघाल्यावर मागच्या काचेतून हातवारे करत काहीतरी सांगत राहिली. टाचणीला ते नीट कळलं. ती सांगत होती, गुडघे वाकव.

नव्या सत्राच्या तिसऱ्या महिन्यात आत्याचा फोन आला. कॉलेजने शाळेच्या मुलींना मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बोलावलं होतं. येण्याजाण्याचं, राहण्याचं सगळं त्यांच्याकडे. शाळेत आता नवे सर आले होते. सज्जन होते, आणि वकीलला घाबरत. ते म्हणाले, "कॉलेजच्या मुली मोठ्या आहेत. आपण आनंदासाठी जाऊ या." मुली म्हणाल्या, "हो सर," आणि त्या आठवड्यात रोज तासभर आधी सरावाला आल्या.

कॉलेजच्या फाटकावर आत्या उभी होती. केस कापले होते. नवा निळा ट्रॅकसूट, आणि तो तिने मागून घेतल्यासारखा अंगाला अगदी नेमका बसत होता. टाचणी बसमधून उतरून सरळ पळत गेली आणि तिच्यावर आदळली.

"वाढलीस," आत्या म्हणाली.

"खरंच?"

"थोडी. खांबला सांग, फार खूश होऊ नकोस म्हणावं, माझ्याकडे तिच्यापेक्षा उंच दोघी आहेत."

"आम्ही तुमच्या सगळ्या युक्त्या ओळखतो," खांब मागून ओरडली.

"ओळखा की. तेवढ्या युक्त्या घेऊन मी इथे आले असते तर मला कोणी ठेवलं नसतं."

संध्याकाळी दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. बाबा सात तास बसून आले होते आणि कोणाच्या बाजूने ओरडायचं हे न ठरल्याने बाटली उघडून बसले होते. संचालिका खाली येऊन आत्याच्या कानाशी लागल्या. "तुमच्याच मुली आहेत," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून आल्यात. जरा सांभाळून घ्यायला सांगा आपल्या मुलींना."

"का?" आत्या म्हणाली. "त्यांना बरं नाही का?"

टाचणीने ते ऐकलं. ती हसली, बुटाची नाडी एकदा ओढून बघितली, आणि चेंडूसाठी पुढे झाली.

कॉलेज अडुसष्ट, शाळा एकतीस.